पर्यावरण आणि वीज : नागपुरातल्या एका छोट्या वकिली ऑफिसातली माणसं

कोलारकाठ (धागाकर्ती)

मी नागपुरात एका छोट्या वकिली फर्ममध्ये काम करते. विषय दोनच, पर्यावरण आणि वीज. फर्मचं नाव लिहिणार नाही, व्यनितही (खाजगी निरोपातही) विचारू नका. बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलांना जाहिरात करू देत नाही, आणि धाग्याचा हेतूही तो नाही. मला तिथल्या माणसांबद्दल लिहायचंय. कोर्टात उभा राहून बोलणारा वकील सगळ्यांना दिसतो. पण या कामात केस उभी राहते ती त्याच्या कितीतरी आधी, आणि ती उभी करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात काळा कोट घातलेला नसतो.

असं ऑफिस नागपुरात का चालतं ते आधी सांगते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, मँगनीज खाणींच्या मॉयलचं इथे, पर्यावरण संशोधनाची नीरी ही संस्था १९५८ पासून इथे. कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच, खापरखेड्याला ५०० चा एक आणि २१० चे चार. शिवाय बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहती. अकरा जिल्ह्यांचं हायकोर्ट सिव्हिल लाइन्समध्ये. ज्या गावच्या विहिरीत राख उतरते त्याच गावच्या पिठाच्या गिरणीला वीजबिल चुकीचं येतं, आणि माणूस दोन्ही कागद एकाच पिशवीतून काढून टेबलावर ठेवतो. म्हणून हे दोन विषय आमच्याकडे एका छपराखाली आहेत.

आमचे क्लर्क काका. वय साठीच्या पुढे, शिक्षण मॅट्रिक. रोज सकाळी ते पेपरातल्या बातम्या सोडून जाहिराती वाचतात. कुठल्याही प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली की ती दोन स्थानिक पेपरांत छापावी लागते. काका ती कापून रजिस्टरात चिकटवतात आणि खाली तीन तारखा लिहितात : मंजुरीची, जाहिरात छापून आल्याची, मुदत संपण्याची. राष्ट्रीय हरित लवाद कायदा २०१० च्या कलम १६ खाली मंजुरीविरुद्ध अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी ६०. त्यापुढे लवादाचेही हात बांधलेले. गावोगावची माणसं चांगली केस घेऊन येतात आणि काका रजिस्टर उघडून सांगतात की दार बंद झालं. त्यांना ते सांगताना मी पाहिलंय. घसा साफ करतात, आधी पाणी विचारतात, मग सांगतात. आणि लगेच दुसरं कुठलं दार उघडं आहे तेही सांगतात, कारण मंजुरीच्या अटी मोडल्या जात असतील तर तो वेगळा विषय आहे. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला कंपनीने अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. काका तो मागवून घेतात.

दुसरे इंजिनियर सर. औष्णिक वीज केंद्राच्या राख हाताळणी विभागातून निवृत्त. कंपनीचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल आला की आम्ही वकील निष्कर्ष वाचतो, ते मागची परिशिष्टं वाचतात. एकदा त्यांनी मला शेजारी बसवून हवेच्या आकड्यांचा तक्ता दाखवला. मोजणी मार्च ते मे अशी होती. नियमाला धरूनच होती, पावसाळा सोडून एक ऋतू चालतो. ते म्हणाले, "उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते, धूर पांगतो. जानेवारीत पहाटे गार हवेचा थर खाली बसतो आणि तोच धूर गावावरच राहतो. हा तक्ता खरा आहे बेटा, पण जानेवारीचं काही सांगत नाही." आमच्या हरकतीतला सगळ्यात वजनदार परिच्छेद त्या एका वाक्यातून निघाला. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख कोलार आणि कन्हान नद्यांमध्ये गेली, तेव्हापासून कुठलाही नकाशा हातात आला की ते आधी बंधाऱ्याची उंची आणि पावसाळ्यासाठी वर मोकळी ठेवलेली जागा बघतात.

तिसरी फिल्डवरची. बॉटनीत एमएससी, स्कूटीवर सावनेर-पारशिवनी करते. पाण्याचे नमुने, फोटो, गावकऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचे ठराव हे सगळं तिच्याकडे. चौथे वीजदराचे भाऊ, बीकॉम, त्यांच्याबद्दल पुढे कोणी विचारलं तर लिहीन. मग आम्ही दोन ज्युनियर, आणि मोठे सर. सर बोलतात छान, पण त्यांचा खरा गुण हा की इंजिनियर सरांनी "हे टिकणार नाही" म्हटलं की ते मुद्दा याचिकेतून काढून टाकतात.

एवढी आमची माणसं. इतर कोणी या क्षेत्रात असेल तर जरूर लिहा.

लॉ तिसरं वर्ष

ताई, छान धागा. वाचनखूण साठवली. मला हेच करायचंय, पण दोन प्रश्न आहेत. पहिला, पगार किती मिळतो? आमच्या सीनियर मुली सांगतात की नागपुरात पहिली दोन वर्षं पेट्रोलचे पैसेही सुटत नाहीत. दुसरा, जनसुनावणीत वकिलाचं काम काय असतं? कॉलेजात पर्यावरण कायदा म्हणजे एमसी मेहता या वकिलांच्या याचिकांवरचे निकाल आणि परीक्षा, एवढंच.

वणीकर

धागा चांगला आहे, पण एक बाजू मांडू द्या. माझे वडील कोळसा खाणीत होते, आमची तीन भावंडं त्या पगारावर शिकली. वणीपासून चंद्रपूरपर्यंत हजारो घरं अशी आहेत. खाण बंद पाडणं सोपं असतं, नंतर त्या माणसांना काम कोण देतं? आणि थेट विचारतो, राग मानू नका : तुमचं ऑफिस कंपन्यांची कामं घेतं की नाही? घेत असेल तर गावकऱ्यांनी तुमच्यावर भरवसा का ठेवायचा?

कोलारकाठ

वणीकर भाऊ, राग कशाचा, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात विचारतात.

हो, घेतो. छोट्या उद्योगांची वीजबिलं, ओपन ॲक्सेस (बाहेरच्या उत्पादकाकडून थेट वीज घेणं), प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राची कामं. त्यावरच ऑफिसचं भाडं निघतं. गावच्या केसेसवर निघत नाही. पण बार कौन्सिलचा नियम ३३ आहे : ज्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला त्यात दुसऱ्या बाजूने उभं राहायचं नाही. आमचे सर त्याच्याही पुढे जातात. ज्या तालुक्यात गावाची केस चालू आहे तिथल्या मोठ्या प्रकल्पाचं कुठलंच काम घ्यायचं नाही, मग विषय बिलाचा का असेना. यामुळे दोन चांगले अशील गेले, मला ठाऊक आहे. गावात पहिल्या बैठकीत हे आम्ही आपणहून सांगतो आणि कागदावर लिहून देतो.

खाण बंद पाडण्याबद्दल : आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं बंद करा म्हणत नाहीत. ती म्हणतात, कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री टाका, रस्त्यावर पाणी मारा, विहीर आटली तर टँकर द्या, स्फोटाने भिंतीला तडे गेले त्याची भरपाई द्या. यातलं बरंचसं मंजुरीच्या अटींमध्ये आधीच लिहिलेलं असतं. लढाई असते ती लिहिलेलं करून घ्यायची. तुमच्या वडिलांच्या फुप्फुसात गेलेली धूळ आणि रस्त्याकडेच्या शाळेत बसलेली धूळ मला वेगवेगळी वाटत नाही. पण रोजगाराचा तुमचा मुद्दा कायदा सोडवत नाही, हे खरं आहे. त्याला सरकारचं धोरण लागतं.

@लॉ तिसरं वर्ष, पगाराचं आधी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मी आधी जिथे होते तिथे याच्या निम्मेही मिळत नव्हते. याचा परिणाम असा की ज्यांच्या घरी आधार आहे तीच मुलं या कामात टिकतात, आणि ज्या गावांवर राख पडते तिथली मुलं वकील होऊनही दुसरीकडे जातात. मला हे फार लागतं. आमच्याकडे सध्या शिफारशीइतकं मिळतं, पण मोठ्या कंपनीच्या लीगल खात्यात याच्या दुपटीहून जास्त मिळेल, हे डोळ्यांसमोर ठेवूनच ये.

जनसुनावणीवर रात्री लिहिते.

एमआयडीसी हिंगणा

वीजदराच्या भाऊंबद्दल मीच लिहितो, तशाच एका माणसामुळे माझं युनिट वाचलं. वीज कंपनीचं भरारी पथक आलं. कारखान्याच्या आवारात मी दुरुस्ती-विक्रीची एक शेड टाकली होती, तिला औद्योगिक दराचीच वीज. वापराचा प्रकार बदलला म्हणून वीज कायद्याचं कलम १२६ (अनधिकृत वापर) लावलं. तात्पुरतं बिल पूर्ण बारा महिन्यांचं, दुप्पट दराने.

मी ग्राहक तक्रार मंचाकडे निघालो होतो. त्या माणसाने सांगितलं, १२६ चं प्रकरण मंचाच्या अधिकारातच येत नाही. आधी निर्धारण अधिकाऱ्यासमोर, म्हणजे असं बिल ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, हरकत घ्यायची. अंतिम आदेश विरुद्ध गेला तर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील, आणि त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरायची. मग त्याने विचारलं, शेड कधी उभी राहिली? कायद्यात बारा महिने आहेत ते काळ ठरवताच येत नसेल तेव्हा. ठरवता येत असेल तर तेवढ्याच काळाचं बिल. मी पत्र्याची आणि वेल्डिंगची बिलं, ग्रामपंचायतीची पावती शोधून आणली. त्याने मीटरचा लोड सर्व्हे (मीटरमधली वापराची नोंद) काढला आणि वापर कुठल्या आठवड्यापासून चढला ते पेन्सिलीने खुणा करून दाखवलं. दोन्ही जुळलं. बिल एक तृतीयांशावर आलं. वकील लागलाच नाही, कारण प्रकरण अपिलात गेलंच नाही.

काळी माती

नमस्कार. वावर पारशिवनी तालुक्यात. पऱ्हाटीच्या पानावर राख बसून राहते, बोंडं काळी पडतात, व्यापारी भाव पाडतो. तलाठ्याला सांगितलं, प्रदूषण मंडळाला अर्ज केला, काहीच नाही. धुऱ्यावरच्या नाल्याचं पाणी मी बाटलीत भरून ठेवलंय. ते घेऊन कोर्टात गेलो तर चालते काय? आणि खर्च किती येते? खरं सांगा ताई, कारण आधी एकाने भरपाईतला चौथा हिस्सा मागितला होता.

फुटाळा

माझ्या बहिणीचं कामही तुमच्या फिल्डवरच्या मुलीसारखंच आहे, गडचिरोलीकडे. एवढंच सांगते की घरचे विचारतात, एमएससी करून गावोगाव सह्या काय गोळा करतेस. तुमचा धागा आईला वाचून दाखवला. आता निदान ती रात्री फोन करून "पोचलीस का" एवढंच विचारते, "सोड" म्हणत नाही.

कोलारकाठ

काळी माती दादा, आधी तुमचं.

वकिलाने भरपाईत हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. तसं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

बाटलीतलं पाणी फेकू नका, पण पुरावा म्हणून ते एकटं टिकणार नाही. बाटली कुणी, कुठे, कधी भरली, मध्ये कुणाच्या हातात होती, हे समोरचा विचारणार. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ आहे. मंडळाचा अधिकारी नमुना घेतो तेव्हा कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस देतो, भांड्याला सील लावतो, दोघांच्या सह्या होतात. तसा नमुना कोर्टात चालतो. म्हणून आमची फिल्डवरची आधी मंडळाकडे लेखी तक्रार करून संयुक्त पाहणी मागते आणि पाहणीच्या दिवशी गावातली पाच माणसं नाल्यावर हजर ठेवते. पंचनाम्यावर तुमच्या सह्या असल्या पाहिजेत. आधीच्या अर्जाची पोच आहे ना? ती जपा, सगळ्यात आधी तीच लागेल.

पऱ्हाटीचं : पीक उभं असताना कृषी सहायकाकडून पाहणी करून घ्या. सातबाऱ्यावर पेरा नोंदलेला आहे का बघा. व्यापाऱ्याची कमी भावाची पट्टी आणि त्याच दिवसाचा बाजार समितीचा भाव, दोन्ही ठेवा. नुकसानीचा आकडा यातूनच निघतो. भरपाईचा अर्ज हरित लवाद कायद्याच्या कलम १५ खाली असतो, त्याला कारण घडल्यापासून पाच वर्षं मुदत आहे. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण पुरावा दर पावसाळ्यात वाहून जातो. भरपाई मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का फी, किमान १००० रुपये. नुसतं प्रदूषण थांबवा असं मागणं असेल तर १००० रुपये. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे, पण आता बऱ्याच सुनावण्या व्हिडिओवर होतात. प्रत्येक तारखेला पुण्याची गाडी पकडावी लागत नाही.

आता जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकण्याची सुनावणी. इथे सविस्तर लिहिते, कारण लोकांचा सगळ्यात जास्त तोटा इथेच होतो.

२००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे पेपरात सूचना आल्यापासून किमान ३० दिवस मिळतात. अहवाल इंग्रजीत, शेकड्यांनी पानं, मराठीत फक्त सारांश. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक पंचायतीत ठेवायचा असतो. आमची फिल्डवरची मुलगी पहिल्या दोन दिवसांत या सगळ्या ठिकाणी जाते. प्रत नसेल तर भांडत नाही. तिथेच बसून "आज अमुक वाजता प्रत उपलब्ध नव्हती" असा अर्ज लिहिते आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेते. पुढे हायकोर्टात तासभराच्या युक्तिवादाहून तो शिक्का जास्त बोलतो.

मग आम्ही सारांश घेऊन गावात बसतो. तिथे वकिलाने भाषण द्यायचं नसतं. विचारायचं असतं की अहवालात लिहिलंय गावाला पाण्याचे अमुक स्रोत आहेत, खरं आहे का? मग एखादी बाई म्हणते, तो झरा लिहिलाच नाही, उन्हाळ्यात आमची जनावरं त्यावरच असतात. इंजिनियर सर नकाशावर पेन्सिलीने झरा दाखवतात, तीच बाई तिच्या शब्दांत हरकत सांगते, आम्ही लिहितो, ती अंगठा किंवा सही करते. अशा हरकती सुनावणीच्या आधी लेखी देता येतात. दहा जणांनी एकच छापील कागद देण्यापेक्षा दहा जणांचे दहा वेगळे कागद द्यावेत.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आयोजन प्रदूषण मंडळाचं. लक्षात ठेवा, गणपूर्ती लागत नाही. गावाने बहिष्कार टाकला म्हणजे सुनावणी झाली नाही असं होत नाही. ती होते, आणि इतिवृत्तात लिहिलं जातं की हरकत कोणी घेतली नाही. मे २०२३ मध्ये कोराडीला ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांची सुनावणी झाली, ऐन उन्हाळ्यात. अशा उन्हात माणसं बोलून झालं की निघून जातात. पण शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. तेव्हा मंडपात थांबणारी चार माणसं लागतात. "मी झऱ्याबद्दल बोलले ते यात नाही" असं त्या क्षणी म्हटलं पाहिजे. आमचा एक ज्युनियर फक्त यासाठी जातो. तो बोलत नाही, कोण काय बोललं याची टिपणं घेतो आणि वाचनाच्या वेळी ताडून बघतो.

निवृत्त मंडळ अधिकारी

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. सुप्रीम कोर्टाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगल (महसुली नोंदीत त्या नावाने असलेली झुडपांची जमीन) हे वनच आहे असा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहा जिल्हे, ८६ हजार हेक्टरच्या आसपास जमीन. १२ डिसेंबर १९९६ च्या आधीचं वाटप आणि नंतरचं वाटप यांची वाट वेगळी. आता प्रत्येक गावात प्रश्न येणार की आपली जमीन नेमकी कुठल्या तारखेची. उत्तर आजच्या सातबाऱ्यात मिळणार नाही. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक जमिनीची आणि हक्कांची नोंद) काढावं लागेल. जुन्या मध्य प्रदेशाच्या काळातल्या त्या नोंदी वाचता येणारी माणसं आता कमी उरली. तुमच्या क्लर्क काकांसारखी माणसं ऑफिसात आहेत तोवर तरुण मुलांनी त्यांच्याजवळ बसून हे शिकून घ्यावं. मला कोणी बोलावलं तर मी फुकट शिकवायला तयार आहे.

वणीकर

तुमचं उत्तर वाचलं. नियम ३३ माहीत नव्हता. गावात लिहून देता हे मला पटलं. ट्रकवरच्या ताडपत्रीचं म्हणाल तर आमच्या रस्त्यावरही तीच गत आहे. कुठल्या मंजुरीत ती अट आहे हे कसं शोधायचं?

कोलारकाठ

वणीकर भाऊ, परिवेश पोर्टलवर (केंद्राचं पर्यावरण मंजुऱ्यांचं संकेतस्थळ) खाणीचं नाव टाका, मंजुरीचं पत्र मिळतं. जुनी खाण असेल आणि तिथे सापडली नाही तर प्रदूषण मंडळाच्या चंद्रपूरच्या प्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकारात मागा. विशिष्ट अटी आणि सर्वसाधारण अटी असे दोन भाग असतात. वाहतुकीची अट दोन्हीकडे शोधा. मग ट्रकचे फोटो काढताना नंबरप्लेट आणि मागचा मैलाचा दगड एकाच फोटोत येऊ द्या.

निवृत्त मंडळ अधिकारी काका, तुम्हाला व्यनि केला आहे. आम्ही सहा-सात जण बसू, लॉ कॉलेजची मुलंही येतील. @लॉ तिसरं वर्ष, तूही ये. येताना तुझ्या स्वतःच्या गावचं निस्तार पत्रक काढून आण, नक्कल तहसील कार्यालयात मिळते. आमचे क्लर्क काका म्हणतात शिकायला दुसऱ्याच्या गावचा कागद घेऊ नये, चूक पटकन कळत नाही.

काळी माती

अर्जाची पोच सापडली ताई. आवक क्रमांक आहे, तारीख आहे, शिक्का थोडा पुसट आहे. चालेल ना?

कोलारकाठ

चालेल. क्रमांक वाचता येतोय तोवर आजच त्याच्या दोन झेरॉक्स काढा, आणि त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन मंडळाला स्मरणपत्र पाठवा, स्पीड पोस्टाने. संयुक्त पाहणी मागितल्याचं त्यात स्पष्ट लिहा. पाहणीची तारीख कळली की इथे टाका, आमची मुलगी नाल्यावर येईल.